कोपऱ्यातली सही

माझा भाऊ मेलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलंच बोललं पाहिजे अशी माझ्यावर सक्ती नाही. तो जिवंत आहे, वरच्या खोलीत बसलाय, आणि आत्ता तुम्ही जिना चढून गेलात तर हसून उठेल, खुर्ची पुढे करेल, आणि कोर्टाची पाटी आपण भर वाऱ्यात दोरीला लटकून कशी लिहिली ते सांगायला लागेल. ऐकून घ्या. पण आधी माझं ऐका. ती पाटी मी लिहिली. जमिनीवर बसून, पत्रा भिंतीला टेकवून, गुडघ्याखाली पोतं घालून, चार दिवस. दोरी त्याची, वारा त्याचा, अक्षरं माझी.

आमचं पाट्या रंगवायचं दुकान. वडिलांनी काढलेलं. खाली दोन खोल्या, मधे पडदा, वर राहायची एक खोली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं, मागच्या खोलीत पत्रे, रंगाचे डबे आणि टर्पेंटाइनचा वास. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वडिलांनी आम्हा दोघांनाही ब्रश धरायला शिकवलं, पण दादाच्या हाताला रेघ कधी आलीच नाही. गोल काढायला घेतला की बटाटा व्हायचा. वडील हाडाचे कारागीर, पोटच्या पोरालाही खोटं बरं म्हणायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "मोठ्या, तू भर. छोटी काढेल." म्हणजे अक्षराची बाहेरची रेघ मी ओढायची आणि आतला रंग त्यानं भरायचा. भरायला तो चांगला होता, हे मी कबूल करते. रंग एकसारखा, कुठे ओघळ नाही, डाग नाही. लोक आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात, आमच्याकडे रेघोट्या माझ्या होत्या आणि नाव मात्र पीठवाल्याचं.

नावाची गोष्ट अशी. पाटी पुरी झाली की उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, रंगवणाऱ्यानं बोटभर सही करायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. वडील होते तोवर त्या कोपऱ्यात दुकानाचं नाव असायचं. वडील गेले आणि महिन्याभरात तिथे दादाची सही आली. काय सही हो! शेवटी एक लांब शेपूट, शेपटाला गाठ. अक्षरं गिरवायला त्याला कधी वेळ मिळाला नाही, पण सही गिरवून त्यानं वर्तमानपत्रांचे गठ्ठे रंगवले. गिऱ्हाइकासमोर पडदा ओढायचा आणि म्हणायचा, "काय आहे, हाताला एकांत लागतो." मग पडद्याच्या आत येऊन मला हळूच विचारायचा, "झालं का?" गाव त्याला मास्तर म्हणायला लागलं. मी तेव्हा बावीस-तेवीसची. मूग गिळून बसले, ते बसलेच.

एकदा मात्र विचारलं होतं. कोर्टाची पाटी झाली तेव्हा. ती पाटी खरंच उतरली होती, दुरून बघितली तरी छातीत काहीतरी हलायचं. मी म्हटलं, "दादा, या एकीवर मी करू का सही?"

तो हसला. रागावून नाही, कुत्सितपणेही नाही. लहान मुलानं चंद्र मागितला की हसतात ना, तसा. म्हणाला, "तू? तुला कोण ओळखतं?"

आणि वाकून सही केली. शेपूट, गाठ.

पुढे तीस वर्षं गेली. मशीनवर छापलेल्या पाट्या आल्या, आमचं काम आटलं. एखादी गोष्ट मरायला टेकली की तिचं कौतुक सुरू होतं, तसं व्यापारी मंडळाला अचानक सुचलं की गावातल्या जुन्या पाट्या म्हणजे केवढी कला, आणि त्यांनी मास्तरांचा सत्कार ठेवला. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आमचा रंगवाला, ज्याच्या दुकानातून आम्ही उभा जन्म रंग घेतला तो. मी पहिल्या रांगेत बसले होते. मनात म्हटलं, आता तरी म्हणेल. एवढ्या लोकांत, एवढ्या वर्षांनी, एक वाक्य. त्यात त्याचं काय जात होतं?

दादा माइकसमोर उभा राहिला. वडिलांचं नाव घेतलं, रंगवाल्याचं घेतलं, शेजारच्या न्हाव्याचंसुद्धा घेतलं. मग माझ्याकडे हात केला. "आणि ही माझी धाकटी बहीण. हिचीही मदत असते हं. ही माझे ब्रश धुते."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पायाची आग मस्तकात गेली होती आणि माझे हात टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात गेले नाही. आणि डबा बंद केला.

डब्याचं सांगायला हवं. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. दादाला साधं अंडं उकडता येत नसे, उकळत्या पाण्यात टाकायचं की गार, यावरच अडायचा. मी दोन गल्ल्या सोडून माझ्या खोलीत राहायचे. आठ वर्षं दुपारी एकच्या ठोक्याला मी त्याला डबा नेऊन दिला. दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही त्यातच. तो बंद केला. म्हटलं, ब्रश धुणारी बाई स्वयंपाक करत नसते. त्यानं यावं, माझ्या दारात उभं राहावं आणि म्हणावं, "छोटी, अक्षरं तुझी." की डबा पुन्हा सुरू. एवढा साधा सौदा होता. पण तो आला नाही, आणि मीही गेले नाही. एकाच बापाची लेकरं आम्ही.

चार महिने. संध्याकाळी तो दारू पितो, हे मला ठाऊक होतं. आता दिवसाही प्यायला लागलाय, हे न्हाव्यानं सांगितलं. "ताई, मास्तर दोन्ही वेळा चहात टोस्ट बुडवून खातात. दुसरं काही नाही."

"खाऊ देत," मी म्हटलं. "मला काय सांगता?"

"ताई, माणूस वाळलाय."

"मग एखादी ब्रश धुणारी ठेवा म्हणावं."

मला माहीत होतं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. माहीत नव्हतं असं उद्या कुणी माझ्या बाजूनं सांगायला नको.

मग एका सकाळी न्हावी धावतच आला. गळ्यात दुकानातला पंचा तसाच. "ताई, चला. मास्तरांना भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. डोळे असे थरथरतायत, एका जागी ठरतच नाहीत. आणि मला विचारतात, वडील कुठे गेलेत?"

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होती. हुशार. तिनं आधी त्याचे डोळे बघितले, मग त्याला चार पावलं चालवलं, मग माझ्याकडे वळली.

"किती दिवस नीट जेवले नाहीत?"

"चार महिने."

"चहा, टोस्ट आणि दारू. एवढंच?"

"एवढंच."

"यांचं जेवण कोण बघतं?"

"मी."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे होतं. दिलं नाही. मग तिनंच समजावलं. म्हणाली, बी-वन नावाचं जीवनसत्त्व असतं. लागतं कणभर, पण रोज लागतं. शरीरात त्याचा साठा फार तर दोन-तीन आठवडे पुरतो. डाळीत असतं, धान्यात असतं, शेंगदाण्यात असतं, रोजचं साधं जेवण असलं की कुणाला त्याचं नावही माहीत असायची गरज नसते. दारू ते अंगी लागू देत नाही. त्यात जेवणही नसलं की मेंदूतला आठवणी धरून ठेवणारा भागच मरायला लागतो.

मी विचारलं, "दारू असती, पण जेवणही असतं, तर?"

ती कागदावर लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "तर बहुतेक एवढं झालं नसतं."

इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याभरात डोळे ठरले, पाय बऱ्यापैकी सरळ पडायला लागले. डोकं मात्र परत आलं नाही. डॉक्टरीणबाईनं मला खुर्चीवर बसवून सांगितलं, "जुनं काही राहील, काही जाईल. नवीन फारसं टिकणार नाही. दहा मिनिटांपूर्वीचं विसरतील. आणि एक लक्षात ठेवा, ते गोष्टी रचून सांगतील. त्याला खोटं बोलणं म्हणू नका. रिकामी जागा दिसली की मेंदू ती भरून टाकतो. भरलेलं त्यांना खरंच वाटतं."

मी म्हटलं, "बाई, जन्मभर त्यानं तेच केलंय."

तिला वाटलं मी गंमत केली.

इथे लोकांना वाटतं की मग बहिणीचं काळीज पाघळलं असेल. छे! मी माझी खोली सोडली, त्याच्या वरच्या खोलीत राहायला आले, त्याला वेळेवर जेवायला घालायला लागले, गोळ्या हातावर ठेवायला लागले, आणि राग होता तिथेच होता. उलट वाढला. कारण ज्याच्याकडून मला एक वाक्य हवं होतं तो माणूस माझ्या हातावर तुरी देऊन पळाला होता, आणि देह मागे ठेवून गेला होता.

आणि देह कसा, तर मजेत! वडील टर्पेंटाइन आणायला गेलेत, येतीलच एवढ्यात, अशा बेतानं बसलेला. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाला, "छोटी, केसांना काय झालं? पांढरं प्रायमर सांडलं की काय अंगावर?" मला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला. एक वाजला की मात्र हातातलं टाकून खिडकीशी जायचा आणि खालच्या गल्लीकडे बघत उभा राहायचा. वडिलांची वाट बघत असेल, असं मी धरून चालले.

भेटायला लोक यायचे. मास्तर आजारी म्हटल्यावर सगळं गाव. आणि दादाची टकळी सुरू. कोर्टाची पाटी, दोरी, वारा. दर वेळी दोरी थोडी उंच. जित्याची खोड म्हणतात ती ही. मी जिन्यात गाठून प्रत्येकाला सांगायची, "मनावर घेऊ नका. आजारच तसा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, ते रचून बोलतात, त्यांचा एक शब्द खरा धरू नका." न्हाव्याला सांगितलं, रंगवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. गल्लीतल्या कुत्र्याला सांगायचं तेवढं राहिलं.

आणि लोक गेले की मी त्याच्यासमोर बसायची. म्हणायची, "दादा, तू भर सभेत म्हणालास, ही माझे ब्रश धुते."

त्याचा चेहरा पडायचा. "मी? असं म्हणालो?"

"माइकवर. तीनशे लोकांत. कोर्टाची पाटी कुणी लिहिली?"

"तू लिहिलीस."

"मग?"

तो रडायचा. खरंखुरं, नाक लाल करून. "छोटी, माफ कर गं. माझ्या जिभेला हाड नाही." माझा हात धरायचा. आणि दहा मिनिटांनी प्रसन्न तोंडानं विचारायचा, "चहा टाकतेस का? वडील येतील एवढ्यात."

मी पुन्हा सांगायची. तो पुन्हा रडायचा. दिवसातून तीनदा, गोळ्यांसारखं, जेवणानंतर. तुम्ही मला वाईट म्हणा, पण तीन आठवडे मी हे केलं आणि सुरुवातीला मला त्यात सुख होतं. मग चव गेली. ज्याला गुन्हाच आठवत नाही त्याची माफी घेऊन मी करू काय? ती घरात ठेवायला जागा नाही आणि बाहेर दाखवायची सोय नाही. मला गाव हवं होतं. ज्या सभेत माझं नाक कापलं तीच सभा हवी होती.

ती चालत माझ्या दारात आली. रंगवाला जिना चढून आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. गावात नवं वाचनालय उघडत होतं. त्याची पाटी मशीनवर छापायची नाही, मास्तरांनी लिहायची, असं मंडळानं ठरवलं होतं. पाटीखाली पितळेचा पत्रा लावणार, 'ही अक्षरे मास्तरांच्या हातची.' पत्रा कोरूनही झाला होता. "पण ताई, आता त्यांना जमेल का? डॉक्टर काय म्हणतात?"

डॉक्टरीणबाई काय म्हणाली होती ते मला पाठ होतं. माणूस सगळं विसरतो, पण हाताचं काम हात विसरत नाहीत. सायकल येत असेल तर येतेच. येत नसेल तर मात्र आजारात शिकून येत नाही.

मी म्हटलं, "हात काही विसरत नाहीत, साहेब. जरूर लिहितील. फक्त एक करा. पडदा नको. सगळ्यांसमोर लिहू दे."

रंगवाल्याचे डोळे पाणावले. माझे कोरडे होते. मी मनात बघत होते: मास्तर ब्रश उचलतात, गोल काढतात, बटाटा होतो.

त्या दिवशी न्हाव्यानं त्याची दाढी केली, मी त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. बळीच्या बकऱ्याला सजवतात तसं सजवलं म्हणा ना. सकाळी अकराची वेळ. नवं कोरं दालन, रिकामी कपाटं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास. खुर्च्या भरल्या होत्या. समोर पांढरा पत्रा उभा केलेला, बाजूला टेबलावर काळा रंग, टर्पेंटाइनचा डबा, ब्रश, खडू, सुतळी, हात टेकायची काठी. खालच्या पितळी पत्र्यावर फडकं टाकलेलं. मी पहिल्या रांगेत, सत्काराच्या दिवशी होते तितकीच जवळ.

दादा उठला. पत्र्याजवळ गेला. नखानं हलकेच खरवडून प्रायमर वाळलंय का बघितलं. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. त्यानं ब्रश उचलला, त्याचे केस चाचपले, रंगात बुडवला, डब्याच्या काठाला दोन्ही अंगांनी निथळवला. सगळं कसं अगदी मास्तरासारखं. आणि मग तो सरळ उजव्या कोपऱ्याकडे गेला, गुडघ्यावर बसला, ब्रश टेकवणार तेवढ्यात थांबला. वर बघितलं. पांढरा पत्रा.

"छोटी कुठाय?" तो म्हणाला. "अजून लिहिलं नाही तिनं?"

कुणीतरी हसलं. रंगवाला पुढे वाकला. "मास्तर, तुम्ही लिहायचं. वाचनालय."

"मी?" दादा मोठ्यांदा हसला. "मी काय लिहिणार! अक्षर छोटीचं. मी भरतो आणि सही करतो. वडिलांना विचारा हवं तर." मग इकडेतिकडे बघून त्यानं आवाज खाली आणला, पण माइक तिथेच होता. "आणि पडदा कुठाय? पडदा ओढा आधी. लोकांना कळलं म्हणजे?"

 बटाट्याची वाट बघत होते, आणि हा तर आपल्या तोंडानं बोलला! एवढी वर्षं जे पडद्याआड ठेवलं ते पडदा ओढायच्या आधीच त्यानं बोलून टाकलं होतं. तीनशे माणसांत, माइकवर. मी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. आता बोला, म्हटलं. आता बघा माझ्याकडे.

रंगवाल्यानं माइक हातात घेतला.  "मित्रहो, मास्तरांची तब्येत आपल्याला माहीत आहे. ताईंनी आपल्याला आधीच सांगितलंय, या आजारात माणूस मनचं रचून बोलतो. पण रचतानासुद्धा बघा, स्वतःची कला ते बहिणीला देतायत! केवढं हे मन!"

टाळ्या. उभं राहून टाळ्या. मागे कुणीतरी डोळे पुसत होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. जिन्यात उभं राहून मीच सगळ्यांना पढवलं होतं, त्यांचा एक शब्द खरा धरू नका. त्यानं जन्मात एकदा खरं सांगितलं आणि ते मी आधीच खोटं करून ठेवलं होतं.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. टेबलापाशी गेले. न्हावी बिचारा मदतीला धावला, त्यानं टर्पेंटाइनचा डबा माझ्याकडे सरकवला. "ताई, ब्रश धुवायचाय ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि सुतळी उचलली.

आमच्या कामात पहिली रेघ एकट्यानं मारता येत नाही. सुतळीला खडू चोळायचा, दोन टोकं दोघांनी धरायची, ताणायची, मधे बोटानं उचलून सोडायची. पत्र्यावर सरळ रेघ उमटते. मी एक टोक धरलं आणि दुसरं कुणाला द्यावं म्हणून वळले, तर ते दादाच्या हातात होतंच. कधी घेतलं कळलं नाही. अंगठ्याखाली दाबून धरलं होतं, डोळ्यानं पातळी बघत होता. "ताण," तो म्हणाला. "अजून. हां, सोड."

रेघ उमटली. मी ब्रश घेतला.

चार महिने आणि वर काही आठवडे हात रिकामा होता. पण हात विसरत नाहीत. पहिलं अक्षर सुटलं आणि मागची कुजबुज बंद झाली. दुसऱ्या अक्षराला खुर्च्यांचा आवाज थांबला. मी मनगटाखाली काठी धरून रेघ ओढत पुढे जात होते आणि दादा दुसरा ब्रश घेऊन माझ्यामागून भरत येत होता, न सांगता, एक अक्षर मागे राहून, तीस वर्षं भरलं तसं. कुठे ओघळ नाही. तासभर कुणी उठलं नाही. शेवटचं अक्षर संपवून मी वळले तेव्हा रंगवाल्याचं तोंड उघडं होतं आणि माइक त्याच्या हातात नुसताच लोंबत होता.

दादा कोपऱ्यापाशी वाकला. शेपटाची सही करायला.

"थांब," मी म्हटलं.

"का? सही करायचीय."

"तू? तुला कोण ओळखतं?"

सगळ्यांनी ऐकलं. माझा आवाज काही बारीक नाही.  कपाळाला आठ्या घालून खरंच विचार केला त्यानं, आणि मान हलवली. "हो की," म्हणाला. "बरोबर आहे तुझं." मग हातातल्या ब्रशकडे बघितलं, माझ्या ब्रशकडे बघितलं. "मग ब्रश धुऊ का मी?"

मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? पोटभर गोड वाटलं. माझाही ब्रश मी त्याच्या हातात दिला, आणि मास्तर तीनशे माणसांसमोर जमिनीवर बसून ब्रश धुवायला लागले. नीट धुतले. केसांच्या मुळाशी अंगठा दाबून, मी धुते अगदी तसे. पडद्याआडून त्यानं ते कधी बघून ठेवलं होतं, देव जाणे.

मग धुतलेला एक ब्रश घेऊन मी कोपऱ्यात वाकले, आणि मला सही येईना. साऱ्या गावाची नावं लिहिली, पण स्वतःचं वळण काही हाताला नव्हतं. शेवटी शाळेच्या वहीवर घालतात तसं सरळ नाव घातलं. जरा वाकडं आलंय. जाऊन बघा, वाचनालयावर आहे. पितळी पत्रा रंगवाल्यानं त्याच दुपारी काढून नेला, माझ्याकडे न बघता.

घरी येताना दादा न्हाव्याला सांगत होता, वाचनालयाची पाटी आपण दोरीला लटकून कशी लिहिली. वारा किती होता. न्हाव्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोलू द्या." मला आता काही वाटत नव्हतं. माझं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मनासारखा स्वयंपाक केला. दादा एक वाजता उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी ताट घेऊन मागे आले. एवढ्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी खुशीत होते म्हणून विचारलं, "कुणाची वाट बघतोस रे? वडिलांची?"

"वडील कशाला?" तो गल्लीकडे बघतच म्हणाला. "डबा यायचाय. छोटी एकला आणते. आज पण आली नाही. रागावलीय माझ्यावर. काहीतरी बोलून गेलो असेन मी." मग जरा थांबून म्हणाला, "येईल. एवढा राग नाही धरत ती. उद्या येईल."

चार महिने. मी म्हणत होते, तो आला नाही. आणि तो रोज एकच्या ठोक्याला या खिडकीत उभा होता. बाकी सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं होतं.

"दादा," मी म्हटलं. "मीच छोटी. हे बघ, आणलंय."

तो वळला. "आलीस!" आणि ताटावर बसला. बोटं चाटत जेवायला लागला.

"उशीर झाला मला," मी म्हटलं.

"छे गं, आत्ता तर एक वाजलाय."

मग मी ते सांगितलं. जे डॉक्टरीणबाईला सांगितलं नव्हतं, न्हाव्याला नाही, कुणालाच नाही. "दादा, डबा मी बंद केला होता. मुद्दाम. चार महिने. तू उपाशी राहावंस म्हणून. त्यानंच झालंय तुला हे."

 मी वाट बघत होते. रडेल, ओरडेल, ताट भिरकावेल. मला चाललं असतं. हवं होतं.

तो हसायला लागला. "काहीतरीच! तू आणि डबा बंद करशील? काल तर आणला होतास. भाजीत मीठ जरा जास्त होतं, पण म्हटलं, कशाला बोला." आणि पुढचा घास घेतला.

भरून टाकलं त्यानं. कुठे ओघळ नाही, डाग नाही.

ताट रिकामं केलं, हात धुतले, तोंड पुसलं. दहा मिनिटं झाली असतील. घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीशी जाऊन उभा राहिला.